साष्टांग नमस्कार, एफ आठ

आमच्या सोसायटीचा मानद चिटणीस मी कसा झालो हे सांगण्यात विशेष अर्थ नाही. वार्षिक सभा चालू असताना मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि परत येईपर्यंत बिनविरोध निवडून आलो होतो. त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर मी कुठल्याही सभेत पाणी प्यायला उठलेलो नाही, पण व्हायचं ते होऊन गेलं.

सोसायटी ४८ बिऱ्हाडांची. ४८ बिऱ्हाडं म्हणजे ४८ तक्रारी असं बाहेरच्या माणसाला वाटेल. तसं नाही. तक्रारी एकंदर पाचच आहेत. गळती, पार्किंग, पाणी, कुत्रा आणि वरच्या मजल्यावरचं दळण-कांडण. या पाचच तक्रारी ४८ घरांतून आळीपाळीने फिरत असतात, सत्यनारायणाचा प्रसाद फिरावा तशा. साहजिकच उत्तरंही ठरलेली. 'आपले पत्र पोचले. मजकूर अवगत झाला. आपण उपस्थित केलेला मुद्दा रास्त असून तो कार्यकारिणीच्या आगामी सभेपुढे विचारार्थ ठेवण्यात येईल. सहकार्याबद्दल आभारी आहोत. कळावे.' हे एवढं मी आठवड्यातून दहा वेळा कॉम्प्युटरवर बडवत असे. मी दोन बोटांनी टाइप करतो. उरलेली आठ बोटं प्रेक्षक. 'कार्यकारिणीच्या' हा शब्द दोन बोटांनी टाइप करून पाहा, म्हणजे लोकशाहीवरचा विश्वास किती तकलादू असतो ते कळेल.

एकदा माझा भाचा शेजारी बसून माझी ही तपश्चर्या बघत होता. तो संगणकातला माणूस. दहा मिनिटं त्याने कळ काढली आणि मग म्हणाला, "मामा, तुम्ही हे रोज करता?"

"रोज."

"तेच तेच?"

"अरे, तारीख बदलते की."

त्याने मला बाजूला सरकवलं, ऑटोहॉटकी नावाचा एक फुकटातला प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घातला आणि पाच मिनिटांत माझं आयुष्य एका बटणावर आणून ठेवलं. एफ आठ दाबला की 'आपले पत्र पोचले'पासून 'कळावे'पर्यंतचा सगळा मजकूर धाडकन पडद्यावर. तारीखसुद्धा यंत्रच घालतं. एफ सात दाबला की अभिनंदन. एफ नऊ म्हणजे थकबाकी. याला म्हणे मॅक्रो म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ लांब किंवा मोठा. आपण एवढंसं बोट हलवायचं आणि पलीकडे एवढं मोठं काहीतरी घडायचं. ही कल्पनाही काही कालची नव्हे. १९७६ साली अमेरिकेत एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील या मंडळींनी ईमॅक्स नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम बांधला, त्याच्या नावातच 'एडिटिंग मॅक्रोज' दडलेले आहेत. म्हणजे मी बँकेत कार्बन पेपर उलटा घालून शिव्या खात होतो त्या सुमाराला तिकडे लोक एका बटणावर कामं उरकत होते.

भाच्याने आणखी एक प्रकार शिकवला. यात मजकूर आधी लिहून ठेवायचा नाही. आपण एकदा काम करून दाखवायचं, कॉम्प्युटर टेपरेकॉर्डरसारखा एकूण एक बटण टिपून ठेवतो, आणि मग हवं तितक्या वेळा तेच करून दाखवतो. मी लगेच सभासदांची यादी काढली. पहिल्या नावाच्या आधी 'श्री.' घातलं, शेवटी 'यांस' घातलं, खालच्या ओळीवर आलो आणि यंत्राला सांगितलं, हेच आणखी ४७ वेळा कर बाबा. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. त्या आनंदात मी पाकिटंही छापली आणि वॉचमनच्या हाती दिली. संध्याकाळी कळलं की सोसायटीत नऊ 'श्री. श्रीमती' आणि दोन 'श्री. कै.' निर्माण झाले आहेत. त्यातल्या एका श्री. कै. ना थकबाकी पंधरा दिवसांत भरण्याची ताकीदही गेली होती. मॅक्रोचा हा स्वभाव आहे. तो आपलं ऐकतो, आणि फक्त आपलंच ऐकतो. पहिल्या ओळीला जे शहाणपण होतं ते सतराव्या ओळीला वेडेपण ठरेल, हे त्याला कोणी सांगायचं? १९९९ साली मेलिसा नावाचा एक मॅक्रो वर्डच्या फायलीत लपून जगभर हिंडला. फाइल उघडली की तो पत्त्याच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना आपण होऊन पत्र पाठवायचा. त्या मानाने माझे दोन कैलासवासी म्हणजे काहीच नव्हे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. मॅक्रोमुळे माझं काम कमी होईल असं मला वाटलं होतं. वाढली ती पत्रं. पूर्वी एखादी नोटीस काढायची तर 'कार्यकारिणीच्या' हा शब्द आडवा येई आणि मी म्हणे, जाऊ दे. आता जाऊ देण्याचं कारणच उरलं नाही. कुणाची तक्रार सकाळी नऊला आली तर नऊ वाजून एक मिनिटाला उत्तर. लोक खूष. इतका तत्पर चिटणीस सोसायटीला लाभला नव्हता, असं वार्षिक सभेत बोललं गेलं. ज्यांच्या छतातून पाणी गळत होतं त्यांनीच ठराव मांडला. पाणी अजून गळत होतं, पण उत्तर वेळेवर मिळत होतं.

आता एफ सहाबद्दल सांगायला हवं. मघाशी मी ते वगळलं.

सोसायटी ज्यांनी उभी केली ते आमचे पहिले अध्यक्ष वारले तेव्हा त्यांच्या मुलाला पत्र लिहायला मी बसलो होतो. दोन संध्याकाळी गेल्या. माणूस फार चांगला. पायऱ्यांवर भेटले तरी घरात पाहुणा आल्यासारखं हसायचे. बरंच खोडून शेवटी पाच-सहा वाक्यं जमली. 'त्यांच्या हसतमुख स्वभावाने जिना उतरतानाही बरे वाटत असे' असं त्यात एक वाक्य होतं. ते मला स्वतःला आवडलं होतं. पुढं दीड-दोन महिन्यांनी आणखी एक सभासद गेले. मी नव्याने लिहायला बसलो आणि तेच पत्र डोळ्यांसमोर येऊ लागलं. म्हटलं, चांगलं लिहिलेलं आहे, ते का टाकून द्यायचं? नाव काढलं, जागा मोकळी सोडली आणि ते पत्र एफ सहावर बसवलं. मराठीत आदरार्थी बहुवचनाची मोठी सोय आहे. 'त्यांच्या हसतमुख स्वभावाने' म्हटलं की बाई-पुरुष दोघंही त्यात मावतात. इंग्रजाला इथं दोन बटणं लागली असती.

ब-७ मधल्या बाई गेल्या त्या गेल्या वर्षीच्या श्रावणात.

या बाईंविषयी थोडं सांगतो. पंप सकाळी साडेसहाला सुरू व्हायला हवा, तो पावणेसातला होतो, अशी त्यांची तक्रार होती. दर महिन्याच्या एक तारखेला, फुलस्केपवर, निळ्या शाईत ती यायची. मी एफ आठ दाबायचा. जिन्यात भेटल्या तर त्या माझ्याकडे अशा बघायच्या की पंपच मी गिळून बसलोय. हसतमुख हा शब्द त्यांच्या आणि माझ्या दरम्यान कधी फिरकलाच नव्हता. त्या गेल्याचं कळलं त्या दिवशी मी गावाला जायच्या गडबडीत होतो. एफ सहा दाबला, नाव घातलं, सही केली, पाकीट वॉचमनकडे दिलं आणि गाडी पकडली. गाडी लोणावळ्याला आली तेव्हा मला 'हसतमुख' आठवलं. चहा घशाखाली उतरेना.

परत आलो तर दुसऱ्या दिवशी ते दारात. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. चुकून झालं, क्षमा करा, वगैरे. ते बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं पत्र वाचलं. तिला हसतमुख म्हणणारे तुम्ही पहिलेच."

मी तोंड उघडलं.

"घरात फार हसायची हो ती. नकला करायची. तुमचीसुद्धा करायची, रागावू नका. मला नेहमी वाटायचं, हे बाहेर कुणाला दिसतच नाही. तुम्हाला दिसलं होतं."

मी तोंड मिटलं.

जाताना दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. माझी सगळी उत्तरं बाईंनी तारीखवार फाइल करून ठेवली होती. "सगळी एकसारखी आहेत हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणायची, निदान माणूस ठाम आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. वकिलीच करायची तर माझी बाजू भक्कम होती. मी ते पत्र हाताने लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'शिस्तप्रिय' किंवा 'सोसायटीच्या प्रश्नांबद्दल जागरूक'. म्हणजे मला ठाऊक असलेलं खरं लिहिलं असतं, आणि ते त्या बाईंबद्दल खोटं ठरलं असतं. बटणाने बेधडक खोटं लिहिलं आणि ते नेमकं खरं निघालं. मग प्रामाणिक कोण, मी की बटण? शिवाय ते वाक्य काही यंत्राने रचलेलं नव्हतं. माझंच होतं, दोन संध्याकाळी घालवून लिहिलेलं. फक्त दुसऱ्याच माणसासाठी. एकाच्या सरणावरची फुलं उचलून दुसऱ्याच्या सरणावर ठेवावीत, तसं काहीतरी मी केलं होतं. फुलं ताजी होती म्हणून काय झालं?

मोठ्या लोकांनाही हे चुकलेलं नाही, हा एक क्षुद्र दिलासा. २००४ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यावर काहूर उठलं होतं. लढाईत मरण पावलेल्या सैनिकांच्या घरी जी सांत्वनपत्रं जात, त्यांच्यावरच्या सह्या यंत्राने केलेल्या होत्या. हजाराच्या वर पत्रं गेली होती. घरच्यांना पत्र लवकर मिळावं म्हणून तसं केलं, असं त्यांचं म्हणणं, आणि यापुढे प्रत्येक पत्रावर आपण स्वतः सही करू असं त्यांनी जाहीर केलं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांनी कायद्यावर यंत्राने सही केलेली चालते. २०११ साली ओबामा फ्रान्समध्ये असताना मुदत संपत आलेल्या एका कायद्यावर सही करणाऱ्या यंत्रानेच इकडे त्यांची सही उमटवली. त्यावरही कुरकुर झाली, पण ती कलमांची. मुलगा गेलेल्या आईची कुरकुर कुठल्या कलमात बसत नाही. कायद्याला मंत्र्याचं मन लागत नाही, सही पुरते. आईला सही नकोच असते. तिला एवढंच हवं असतं की एक माणूस, निदान सही करण्यापुरता, तिच्या मुलाचं नाव वाचत बसला होता.

पण हा विचार मला फार पुढे नेता येईना, कारण आमच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आईने आमच्या लग्नाला आलेल्या तारा जपून ठेवल्या होत्या. तारेचं खातं २०१३ च्या जुलैत बंद झालं, त्यामुळे नव्या पिढीसाठी सांगतो. शुभेच्छांच्या तारेला मजकूर लिहावा लागत नसे. पोस्टात छापील वाक्यांची यादी असायची, प्रत्येक वाक्याला नंबर. आपण नंबर सांगायचा, पलीकडचा मास्तर वाक्य उतरवून घ्यायचा. शुद्ध मॅक्रोच तो, फक्त मध्ये खाकी कपडे आणि सायकल. आमच्या डब्यातल्या अकरा तारांपैकी सात तारांचं वाक्य अक्षरशः एकच आहे. आईने त्यातली एकही टाकली नाही. कुणी काय लिहिलं हे ती बघतच नव्हती, पोस्टापर्यंत कोण चालत गेलं हे ती मोजत होती.

आणि त्याही आधीचं आपलं 'सा. न. वि. वि.' घ्या. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आठ अंगं जमिनीला टेकवायचा नमस्कार, आणि आपण तो खुर्चीत बसून चार अक्षरांत उरकत आलो. वडील मला पत्रात 'अ. उ. आ.' लिहायचे. अनेक उत्तम आशीर्वाद, तीन अक्षरांत. आशीर्वादात काटकसर झाली असं मला कधी वाटलं नाही. ती तीन अक्षरं मी होस्टेलच्या खोलीत वाचायचो आणि उलगडायची तिथं, माझ्याकडे. माझ्या एफ आठमध्ये सगळं लिहिलेलं असतं, पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसकट. आणि वाचणाऱ्याकडे उलगडायला काही शिल्लक राहत नाही. असा काहीतरी फरक मला त्या रात्री सापडल्यासारखा वाटला. सकाळी तो पुन्हा नीटसा सापडेना.

म्हणून मी आत्याकडे गेलो. आत्या ८४ वर्षांची आहे आणि जपाच्या वह्या लिहिते. 'श्रीराम जय राम जय जय राम', एका ओळीला एकदा, दुपारी दोन ते चार. समर्थांनी टाकळीला बारा वर्षांत हा तेरा कोटी जप केला असं परंपरेनं सांगतात. मी वाटेत हिशेब केला होता. तेरा कोटी भागिले बारा वर्षं म्हणजे रोजचा तीस हजारांच्या आसपास. हाच मंत्र मॅक्रोने सेकंदाला हजार वेळा लिहायचा ठरवला तर तेरा कोटींना छत्तीस तास लागतात. दीड दिवस. गणपती बसवून विसर्जन होईपर्यंत जप पुरा.

मी आत्याला म्हटलं, "आत्या, तुझ्या वह्या मी एका बटणात करून देतो."

तिने चष्मा वर केला. मला वाटलं आता पुण्याबद्दल काहीतरी ऐकायला मिळणार. देवळात आरतीला मोटरवर वाजणारा नगारा बसवला तेव्हा ती पुजाऱ्याशी भांडून आली होती. पण ती भांडली नाही. म्हणाली, "आणि मग?"

"मग काय? संपेल ना."

"अरे पण मला संपवायचं कुठं आहे? संपल्यावर दुपारी मी करू काय, तुझं डोकं?"

चहा करायला मात्र उठली. चार वाजले होते.

घरी येऊन मी एफ सहा पुसून टाकला. यात मोठेपणा नाही, भीती आहे. पुढच्या वेळी नशीब इतकं चांगलं असेलच असं नाही. नंतर सोसायटीत एक मृत्यू झाला तेव्हा मी दोन संध्याकाळी बसलो आणि पत्र तेराव्यानंतर पोचलं. घरच्यांना उशिराबद्दल थोडं वाईट वाटल्याचं वॉचमनकडून कळलं. एफ आठ मी ठेवला आहे. गळती, पार्किंग आणि कुत्रा यांना तो पुरतो. ब-७ च्या सद्गृहस्थांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. पत्र त्यांनी बाईंच्या फोटोच्या चौकटीत मागच्या बाजूला ठेवलंय. सांगून मला हलकं वाटेल हे कबूल, पण त्यांनी त्या पत्राचं काय करायचं?

गेल्या महिन्याच्या एक तारखेला सोसायटीच्या पेटीत फुलस्केप कागद सापडला. पंप साडेसहाला सुरू व्हायला हवा, तो पावणेसातला होतो. मजकूर बाईंचाच, शब्दाला शब्द. अक्षर मात्र वेगळं, थरथरतं. त्यांनी जुन्या तक्रारीवरून बघून उतरवून काढलं होतं. शाईसुद्धा निळी.

माझं बोट सवयीने एफ आठवर गेलं. मग मी ते उचललं आणि 'कार्यकारिणीच्या' टाळून, दोन बोटांनी, एक एक अक्षर टाइप केलं की पंपवाला साडेसहाला येतो खरा, पण आधी पंधरा मिनिटं देवाला फुलं तोडतो. ती सोसायटीच्याच बागेतली असतात, त्यामुळे मला बोलता येत नाही. तरी बोलून बघतो. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं ते तसंच राहू दिलं.

त्याच्याशी मी बोललो. पंप अजून पावणेसातलाच सुरू होतो. या महिन्याच्या एक तारखेला पत्र आलंय.